लोकलमधून फोल्डिंग सायकल : आठ महिने वापरून झाल्यावर

"शिलाई मशीन आहे का गं त्यात?" हे मला आतापर्यंत कमीत कमी दहा जणींनी विचारलंय, एका काकांना पेटी वाटली, आणि एकदा एका पिटुकल्याने खोळीतून बाहेर डोकावणारं पेडल बघून "आई, सायकल!" असं ओरडून माझं बिंग फोडलं. तर हो, सायकलच आहे. घडीची, वीस इंची चाकांची. गेले आठ महिने मी ती वर्तकनगर ते ठाणे स्टेशन चालवत नेते, मग लोकलमध्ये टाकून नवी मुंबईतलं कोपरखैरणे, आणि तिथून परत चालवत महापेला ऑफिस. आठवड्यातून तीन-चार दिवस, रोज नाही, का ते येईलच पुढे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ह्या किमतीतल्या घडीच्या सायकली सगळ्या चुलत बहिणी आहेत, मधे एक बिजागरी, हँडलच्या दांड्याला एक बिजागरी, सीटचा लांब दांडा, घडी होणारी पेडलं, मागे सहा गिअर, संपलं. मी सेकंडहँड घेतली ११ हजाराला, आधीच्या मालकाने सोसायटीत चार फेऱ्या मारून बाल्कनीत ठेवलेली, टायरवरचे रबराचे केस पण गेले नव्हते. त्यामुळे हा रिव्ह्यू सायकलचा कमी आणि "सायकल + लोकल + जिने" ह्या पूर्ण प्रकाराचा जास्त आहे, कारण दुकानात सायकल चालवून बघता येते पण ती उचलून पुलावर चढून कोणी बघत नाही, मी पण नव्हती बघितली.

कशासाठी केलं हा उपद्व्याप? तर माझ्या प्रवासात ट्रेनचा भाग सगळ्यात सोपा होता. ठाण्याहून कोपरखैरणे म्हणजे दिघा गाव (हे स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं), ऐरोली, रबाळे, घणसोली आणि मग आपलं, वीसेक मिनिटं. रडगाणं होतं ते दोन्ही टोकांचं. इकडे वर्तकनगरहून रिक्षा मिळवायची, ती कॅडबरी जंक्शनला अडकणार, मग खोपटला अडकणार, मग स्टेशनच्या अलीकडे "इथेच उतरा मॅडम, पुढे जाम आहे". तिकडे उतरल्यावर महापेच्या शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहायचं, चौथी सीट ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धी बाहेर. वीस मिनिटांच्या ट्रेनसाठी आगेमागे तासभर. दोन्हीकडचं अंतर तीन-चार किलोमीटर, म्हणजे चालायला जास्त आणि रिक्षावाल्याला कमी. सायकलचंच अंतर आहे हो ते.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून लेडीज डब्यात चढले, घडी घालून पण खोळ न घालता, उघडीच. सकाळची आठ-सव्वाआठची वेळ. बसायला मिळालं नाही ते सोडा, पण दारापाशी ते धूड घेऊन उभी राहिले आणि ऐरोलीला उतरणाऱ्या बायकांचा लोंढा आला, एकीच्या ओढणीला चेनचं काळं ग्रीस लागलं, एकीच्या नडगीला पेडल लागलं, आणि मग मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही पण शंभर टक्के माझीच चूक होती. प्रवाशांच्या डब्यात ती न्यायचीच नाही. घडी घातली तरी नाही, मोकळा डबा दिसला तरी नाही, कारण दोन स्टेशनांनी तो मोकळा नसतो.

मग लगेजचा डबा. एका शनिवारी मी सायकल न घेता नुसती ठाण्याला जाऊन नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मला उभी राहिले, गाडीत लगेजचे डबे कुठे कुठे येतात, त्यातला कुठला कमी भरतो, कोण चढतं, हे बघायला. हा तासभर ज्याला घालवायचा नसेल त्याने ह्या भानगडीत पडू नये. आत मधे सीटा नाहीत, भिंतीलगत बाकडं, बाकी सगळी मोकळी जमीन. सकाळी माशांच्या पाट्या असतात, दुधाच्या किटल्या, कोणाचे फुलांचे भारे, कोणाचं एसीचं काम म्हणून कॉपरच्या नळ्यांचं भेंडोळं. सामान नसताना ह्या डब्यात चढलं तर दंड होतो, आणि सामानाला स्वतःच्या पासशिवाय वेगळं तिकीट लागू शकतं. मी खिडकीवर जाऊन सरळ सांगितलं की घडीची सायकल आहे, लगेजमध्ये न्यायची आहे, आणि तसं तिकीट काढलं. तुम्ही पण आधी खिडकीवर विचारा, गाडीत चढल्यावर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आठ महिन्यांत एकदाच टीसी भेटले. "ह्यात काय आहे?" मी खोळीची नाडी सोडून दाखवली, तिकीट दाखवलं, त्यांनी तिकिटाकडे नीट बघितलं पण नाही, "कितीला पडली? माझ्या पोराला घ्यायचीय" इथून जे सुरू झालं ते घणसोलीपर्यंत.

लगेजच्या डब्याने मला जे शिकवलं ते सायकलच्या माहितीपत्रकात नाही. दुसऱ्या की तिसऱ्याच दिवशीची गोष्ट. माझ्या सायकलला घडी घातल्यावर दोन चाकं एकमेकांना चिकटून राहावीत म्हणून चुंबक आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. दुकानात खट्टकन चिकटतो, भारी वाटतं. रबाळ्याच्या आधी गाडीने ब्रेक मारला आणि चुंबकाने हात सोडला, पुढचं चाक दरवाज्यासारखं फिरून सरळ एका मावशीच्या पाटीवर. बोंबील होते. मी "सॉरी सॉरी" करत बसले आणि मावशींनी शांतपणे चाक परत जागेवर ढकललं, स्वतःच्या पाटीची जास्तीची सुतळी काढली, चाकातून फ्रेममधून दोन वेढे घेऊन अशी गाठ मारली की ऑफिसला पोचल्यावर मला ती सुटेना. वर म्हणाल्या, "सामान आहे ना, मग बांधून आण. सुटं सामान कोणाचं पण डोकं फोडतं."

तिथे माझी ट्यूब पेटली. मी इतके दिवस तिला सायकल समजून नेत होते म्हणून सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. बोचकं समजून नेलं की कोणाला काही वाटत नाही. बांधलेलं, गुंडाळलेलं, एका कोपऱ्यात उभं राहणारं बोचकं. लगेजच्या डब्यात बोचक्याला मान आहे, त्याला जागा करून देतात, "ताई इकडे सरकवा, तिकडे दारात पाणी येतं" असं सांगतात. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, फुकट दिल्या त्याने, एक चाकांना आणि एक हँडलच्या दांड्याला. घडी घातली की दोन्ही ताणून अडकवायच्या. तेव्हापासून एकदाही सुटली नाही. चुंबकाला माझ्याकडून शून्य, ट्यूबच्या पट्टीला पाचपैकी पाच.

आणि खोळ. विकत मिळतात त्या पिशव्यांना चेन असते, घडीच्या सायकलचं कुठलं ना कुठलं टोक त्या चेनमध्ये अडकतंच, म्हणून मी जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवून घेतली, वरून घालायची, गाद्यांना असते तशी, खाली नाडी. दहा सेकंदात चढते. ग्रीसचा प्रश्न संपला, पेडलचा प्रश्न नव्वद टक्के संपला, आणि चादर आहे म्हटल्यावर लोक शिलाई मशीन समजायला लागले तो फायदा वेगळाच.

हे बोचक्याचं लॉजिक माझं एकटीचं नाही बरं का. हॉलंडमध्ये, जिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, तिथेसुद्धा रेल्वेत घडी घातलेली सायकल हातातलं सामान म्हणून फुकट जाते, पण उघडी न्यायची तर तिचं वेगळं तिकीट आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा चक्क बंदी. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या खोल बोगद्यांतल्या भागात पण तेच, घडी चालते, उघडी नाही. म्हणजे गर्दीच्या वेळी अख्खी सायकल तिथेसुद्धा घेत नाहीत. आपल्याकडे २०२२ ला सुरू झालेल्या मेट्रो २ए आणि ७ च्या डब्यात सायकल लावायला जागा ठेवलीय, पण मेट्रो आणि पीक अवरची लोकल ह्यांची तुलना म्हणजे, जाऊ दे.

आता सायकलविषयी, कारण शेवटी चालवायची पण आहे.

वजन. कागदावर तेरा-चौदा किलो. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, लॉक धरून घरच्या काट्यावर साडेपंधरा भरली. मी कॅरिअर काढून टाकलं, स्टँड काढला, आता चौदाच्या आत आली. चौदा किलो म्हणजे काय ते आकड्याने कळत नाही, तर असं समजा की घरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये भरलेल्या गॅसइतकं, चौदा किलो दोनशे ग्रॅम असतो तो. तेवढं वजन एका हातात, दुसऱ्या हातात रेलिंग, पाठीला लॅपटॉप, आणि समोरून उतरणारी अख्खी गाडी. ठाण्याला पश्चिमेकडून आलं तर सगळे प्लॅटफॉर्म पार करून नऊ-दहाला यायचं, पूर्ण पूल तुडवायचा. पहिले दोन महिने मी तेच करत होते, खांदा भरून यायचा. मग अक्कल आली की सायकल आहे ना आपल्याकडे, मग तीन हात नाक्याहून कोपरी पुलावरून पूर्वेला जायचं, थोडा वळसा पडतो पण ट्रान्स हार्बरचे, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लाईनचे, प्लॅटफॉर्म पूर्वेच्या बाजूला असल्याने जिन्यांचं काम निम्म्याहून कमी होतं. कोपरी पुलावर मात्र गाड्या सुसाट असतात, डावी कड धरून, दिवा लावून. लिफ्टवर विसंबू नका, एका स्टेशनची लिफ्ट (कुठल्या ते नको) मला आठ महिन्यांत तीनदा चालू सापडलीय.

महागातल्या सायकलींचं वेगळं असतं. ब्रॉम्प्टन नावाची जी इंग्लंडची प्रसिद्ध घडीची सायकल आहे तिची घडी साधारण ६५ बाय ५९ बाय २७ सेंटिमीटर होते, चेन आतल्या बाजूला दडते म्हणजे कपड्यांना ग्रीस लागत नाही, आणि घडी झाल्यावर छोट्या चाकांवर ढकलत नेता येते, उचलायचीच नाही. बघून जीव जळतो. पण तिची चाकं सोळा इंची, रिम ३४९ मिलिमीटरची, आणि तो टायर वर्तकनगरच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळणार नाही म्हणजे नाही. माझ्या वीस इंचीवर टायरच्या कडेला ४७-४०६ लिहिलंय, म्हणजे लहान मुलांच्या वीस इंची सायकलीचा जो २० बाय १.७५ चा टायर तोच. कुठेही मिळतो. घेताना हे नक्की बघा, कारण वीस इंचीतच ४५१ रिमचा पण एक बारीक प्रकार असतो, दिसायला फास्ट, पण घणसोलीला पंक्चर झाला की फास्टपणा सगळा हातात घेऊन चालायला लागतं.

छोट्या चाकाचे तोटे पण आहेत, लपवत नाही. एका फेरीत चाक दीड मीटरच्या थोडं वर जातं, मोठ्या सायकलचं दोन मीटरच्या वर जातं, म्हणजे पाय जास्त मारायचे. ते गिअरने भरून निघतं, पण खड्डा भरून निघत नाही. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून "धप्प" करून जातं त्यात हे आत उतरतं. पावसात पाण्याने भरलेला खड्डा असेल तर मी सरळ उतरते, लाज कसली. आणि हँडल फार चंचल आहे, एक हात सोडून वळायची खूण करताना पहिले काही दिवस देव आठवतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे खरंच नीट वाचा. मधली बिजागरी. सेकंडहँड घेतल्यावर मी एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकली, ऑइल, पॉलिश, ब्रेक, सगळं चकाचक करून दिली, पैसे पण चांगले घेतले. चौथ्या दिवशी महापेच्या रस्त्यावर फ्रेममधून टक-टक-टक. उतरून बघते तर बिजागरीचा लिव्हर एका बोटाने उघडतोय. म्हणजे मी एमआयडीसीतल्या कंटेनरच्या शेजारून एका बोटाच्या भरवशावर सायकल चालवत होते. त्या लिव्हरला एक छोटा नट असतो, तो थोडा थोडा आवळत जायचा, लिव्हर बंद करताना शेवटच्या भागात तळहाताला जोर लागला पाहिजे, तळव्यावर वळ उठेल इतका, आणि बंद झाल्यावर सेफ्टीची खिट्टी बसली पाहिजे. हँडलच्या दांड्याच्या बिजागरीला पण तेच. दर रविवारी दोन्हीकडे कापडाने पुसून वेल्डिंगपाशी केसासारखी चीर गेलीय का बघायचं. घडीच्या सायकलला हे दोन सांधे म्हणजे सर्वस्व, आणि लोकलमध्ये रोज आपटाआपटी होते ती ह्यांचीच. त्या दुकानात मी परत गेले नाही. आता घराजवळचा म्हातारा मिस्त्री आहे, त्याला गिअरचं फार कळत नाही पण नट आवळलेला सोडत नाही.

पावसाळा. जून ते सप्टेंबर मी आठवड्यातून एखाद दिवसच नेली. सायकल भिजते ते ठीक, पण भिजलेली सायकल चादरीच्या खोळीत घालून डब्यात ठेवली की पाणी गळतं आणि ते नेमकं कोणाच्या तरी पीठ-मिठाच्या गोणीकडे वाहत जातं. शिवाय त्या चार महिन्यांत बिजागरीच्या पिनेवर गंज धरला आणि कुईकुई सुरू झाली, ग्रीस भरल्यावर गेली.

संध्याकाळची गोष्ट वेगळीच असते. सकाळी ठाण्याला गाडी तिथूनच सुटते म्हणून चढायला निवांत असतं, माझं हे सगळं जमतंय ते खरं त्याच एका कारणामुळे. कल्याणहून येणाऱ्या मेन लाईनच्या गाडीत हे करायची माझी हिंमत नाही आणि सल्लाही देणार नाही. पण परतीला कोपरखैरण्याला गाडी वाशीकडून भरून येते, लगेजमध्ये एपीएमसीच्या घाऊक बाजारातली भाजी, कोथिंबिरीच्या जुड्या, मिरचीची पोती, आणि गाडी थांबते किती? माणूस बोचक्यासकट चढेपर्यंत. मी आता सरळ एक-दोन गाड्या सोडते. एकदा एका भाजीवाल्या दादांनी आतूनच हात करून "द्या ती मशीन इकडे" म्हणून सायकल ओढून घेतली, मग मी चढले. मशीन नाही हो दादा, म्हणायची पण आता सवय गेलीय.

वेळ किती वाचला? चांगल्या दिवशी जायचे पंचवीस मिनिटं, वाईट दिवशी काही नाही. पैसे वाचले असं वाटत होतं, पण लगेजचं तिकीट, सर्व्हिसिंग, नवीन ब्रेक पॅड, खोळ धरली तर रिक्षाच्या तुलनेत किरकोळच. पण सकाळी वर्तकनगरहून निघताना रिक्षासाठी हात करून "स्टेशन?" "नाही" हे जे पाच-सात वेळा व्हायचं ते बंद झालं, त्याची किंमत मी काढू शकत नाही.

ऑफिसातला एक जण मला हसतो. त्याचं म्हणणं, डबेवाल्यांकडे बघ, डब्यांचे क्रेट लोकलने जातात आणि सायकली दोन्ही टोकांना स्टेशनवरच राहतात, तू कशाला ओझं वाहतेस. त्याने ऐरोलीला स्टेशनबाहेर जुनी, गंजकी सायकल ठेवलीय दोन हजाराची, मस्त चाललंय त्याचं. त्याला वजन नाही, खोळ नाही, तिकीट नाही. गेल्या महिन्यात त्याची सीट चोरीला गेली, नुसती सीट, आणि तो ऑफिसपर्यंत उभ्याने चालवत आला, तेव्हा दिवसभर मीच हसत होते. पण खरं सांगायचं तर ज्याचं एकच टोक लांब आहे त्याने हाच मार्ग धरावा, घडीच्या सायकलवर दहा-पंधरा हजार घालू नयेत. माझी दोन्ही टोकं लांब आहेत म्हणून माझं गणित बसलं. गुडघा किंवा पाठ दुखत असेल, गाडी मधल्या स्टेशनवर पकडायची असेल, नऊच्या ठोक्याला पंच करायचं असेल, तर नका घेऊ.

सायकलला पाचपैकी तीन, बिजागरी नीट असती तर साडेतीन दिले असते. लगेजच्या डब्याला चार, एक कापला तो माशांच्या पाण्याचा, कारण ऑफिसात लिफ्टमध्ये शेजारचा माणूस नाक वर करून बघतो तेव्हा काय सांगणार.

खोळ शिवायला टाकाल तर शिंप्याला सांगा, पेडल येतं त्या बाजूला कापड दुहेरी लाव. माझी पहिली तिथेच फाटली, दीड महिन्यात.